रेखांश खळ्यातच दिसतो
अक्षांश-रेखांश म्हणजे नुसतं पाठांतर, त्यापेक्षा शाळेत नकाशा भरायला शिकवा असं काहीजण म्हणतात, ते निम्मंच पटलं. नकाशा हवाच, पण रेखांश खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणातसुद्धा दिसतो की. आपली घड्याळं चालतात ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, रत्नागिरी साधारण ७३.३ वर, अंशाला ४ मिनिटं धरली तर ३७ मिनिटांचा फरक, म्हणजे इथली खरी दुपार (सूर्य सगळ्यात वर येतो ती वेळ) बाराला नाही तर साडेबाराच्या पुढेमागे होते. काठी रोवून सावली सगळ्यात आखूड कधी होते ते पोरांना बघू दे (आमच्या भाचरांनी कोळशाने खुणा करून सारवलेलं खळं पार काळं केलं, ते वेगळं). मेच्या ८-९ तारखेच्या आसपास तर भरदुपारी काठीची सावलीच गायब होते. ऑगस्टच्या सुरुवातीला परत तशीच गायब होते, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य दिसतोय कुठे!