बिली चाइल्डिश: संगीत, चित्रे, कविता, पण चरितार्थ कशावर?

चित्रलिपी (प्रश्न)

नमस्कार. मी चित्रकलेचे शिक्षण घेत आहे आणि एका लहानशा बँडमध्ये गिटारही वाजवते. इंग्लंडच्या केंट परगण्यातील चॅटम येथे १९५९ साली जन्मलेले बिली चाइल्डिश (मूळ नाव स्टीव्हन जॉन हॅम्पर) यांच्याविषयी सध्या वाचत आहे. शंभराहून अधिक अल्बम, चाळीसहून अधिक कवितासंग्रह, काही कादंबऱ्या, शिवाय तैलचित्रे आणि वुडकट (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली चित्रे), एवढा पसारा एकाच माणसाचा आहे. कोणत्याही बड्या संगीत कंपनीच्या बळावर ही कारकीर्द उभी राहिलेली दिसत नाही. मग त्यांचा चरितार्थ कसा चालला? दुसरा प्रश्न थोडा वैयक्तिक आहे. माझ्यासारखीने दोन कला एकदम हाताळल्या की शिक्षक ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे म्हणतात. चाइल्डिश यांच्या बाबतीत हा आक्षेप कितपत खरा ठरतो?

जुन्या तबकड्या

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळकतीपेक्षा खर्चाच्या बाजूला शोधावे, असे मला वाटते. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, स्थानिक कलाशाळेने मुलाखतीलाही बोलावले नाही आणि १९७६ साली ते चॅटमच्या नौदल गोदीत पाथरवटाच्या कामावर शिकाऊ उमेदवार म्हणून लागले. तिथल्या काही महिन्यांत त्यांनी शेकडो रेखाटने केली आणि त्यांच्या जोरावर लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत प्रवेश मिळवला. पण तिथेही त्यांचे जमले नाही आणि १९८२ साली त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे सुमारे एक तप त्यांनी बेकारभत्त्यावर काढले. अशा स्थितीत जे करायचे ते स्वस्तात आणि स्वतःच्या हातांनी करायचे, हा नाइलाज होता. कालांतराने तीच त्यांची रीत झाली.

ही रीत त्यांच्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते. व्हॉल्व्हचे जुने अँप्लिफायर, सगळ्या बँडने एकत्र वाजवणे, एकदोन टेकमध्ये गाणे संपवणे आणि राहिलेली चूक राहू देणे. पॉप रिव्हेट्स, मिल्कशेक्स, माइटी सीझर्स, हेडकोट्स असे एकामागून एक बँड त्यांनी काढले. त्यांपैकी मिल्कशेक्सने १९८४ साली एकाच दिवशी चार एलपी बाजारात आणल्या. बड्या कंपनीत असे घडणे अशक्य होते, कारण तिथे एका अल्बमभोवती जाहिरात आणि दौरे यांचा खर्च बांधलेला असतो आणि तो वसूल होईपर्यंत पुढच्या अल्बमला वाट पाहावी लागते.

हँगमन या नावाने त्यांनी स्वतःचे प्रकाशन आणि लेबलही (तबकड्या काढणारी कंपनी) चालवले. त्यांना डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण आणणारी अवस्था) असल्याचे निदान अठ्ठाविसाव्या वर्षी झाले. कवितांमधली चुकीची स्पेलिंग मात्र त्यांनी आधीही आणि नंतरही तशीच छापली. दुसऱ्या कोणत्याही प्रकाशकाने पहिल्याच मुद्रितशोधनात ती ‘सुधारली’ असती आणि कवितेचा आवाजच बदलला असता.

१९९१ साली अमेरिकेतील सब पॉप या लेबलने त्यांच्या पन्नास अल्बममधून प्रत्येकी एक गाणे घेऊन संकलन काढले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकतीस-बत्तीस होते, हे लक्षात घेतले की वेगाचा अंदाज येतो.

तिरकी रेघ

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. तरीही ‘स्वतंत्र’ या प्रतिमेकडे जरा सावधपणे पाहावे, असे मी सुचवेन. बारा वर्षांचा बेकारभत्ता म्हणजे एका अर्थाने ब्रिटिश सरकारने नकळत दिलेली शिष्यवृत्तीच होती. आणि नंतरच्या काळात आर्थिक स्थैर्य आले ते माझ्या समजुतीप्रमाणे संगीतातून नव्हे, तर चित्रांतून. २०१० साली लंडनच्या आयसीए (इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स) या कलासंस्थेत त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. आज न्यूयॉर्कची लेहमन मॉपिन आणि बर्लिनची नॉयगेरीमश्नायडर या गॅलऱ्या त्यांची चित्रे मांडतात. याउलट जॅक व्हाइट यांच्यासारख्या गाजलेल्या गायकाने बीबीसीच्या कार्यक्रमात आपल्या दंडावर चाइल्डिश यांचे नाव लिहून हजेरी लावली, तरी चाइल्डिश यांचा श्रोतृवर्ग लहानच राहिला.

दुसऱ्या प्रश्नाबाबत एक प्रसंग सांगतो. १९९९ साली चार्ल्स थॉमसन यांच्यासह त्यांनी स्टकिझम हा चित्रकारांचा गट स्थापन केला. संकल्पनात्मक कलेच्या (जिथे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व असते) त्या भरभराटीच्या काळात आकृतिप्रधान चित्रकलेची बाजू घेणारे जाहीरनामे या गटाने काढले. दोनच वर्षांत, २००१ साली, चाइल्डिश त्यातून बाहेर पडले. मला यात विसंगती दिसत नाही. गटाच्या मतांशी ते बरेचसे सहमत होते. गटाचा सभासद म्हणून ओळखले जाणे त्यांना मानवले नसावे.

चित्रलिपी

दोघांचेही आभार. बेकारभत्त्याचा मुद्दा मला बोचला, कारण आपल्याकडे तशी सोय गृहीत धरता येत नाही आणि तालमीच्या खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते.

जुन्या तबकड्या

तिरकी रेघ यांचा आक्षेप मला मान्य आहे, फक्त काळाचा क्रम लक्षात ठेवावा. गॅलऱ्यांचा पैसा आला तेव्हा चित्रांमागे तीसएक वर्षांचा सराव होता आणि तो पैसा आल्यावरही तबकड्या पूर्वीसारख्याच निघत राहिल्या, बहुतेक डॅमेज्ड गुड्स या लंडनच्या छोट्या लेबलवरून. २०२० साली विल्यम लव्हडे इंटेन्शन या नव्या नावाखाली, एका वर्षात एक अख्खी कारकीर्द उरकायची अशा विनोदी संकल्पाने, त्यांनी एकापाठोपाठ एक अल्बम काढले.

चिंध्यांचा आरोप मला म्हणूनच पटत नाही. चित्र, कविता आणि गाणे या तिन्हींत विषय तेच आहेत: चॅटम, मेडवे नदी, वडिलांशी असलेले कडवट नाते, दारू, स्वतःची फजिती. हात बदलतो, मजकूर फारसा बदलत नाही. ज्या गोदीत ते पाथरवट होते, ती १९८४ साली बंद पडली. आता तिथल्याच दोरखान्याच्या जुन्या इमारतीत त्यांचा चित्रांचा स्टुडिओ आहे.

आपल्याला ऐकायला सुरुवात करायची असेल, तर सब पॉपचे ते संकलन आधी घ्यावे आणि मग हेडकोट्सकडे वळावे. मिल्कशेक्सच्या त्या चार एलपी एका बैठकीत ऐकण्याचा प्रयत्न मात्र करू नये.