टीएनएफ दिल्यावर गाठीतलं एटीपी घसरतं, ते पेशींमुळे की रक्तपुरवठ्यामुळे?

प्रश्न
उंदराच्या त्वचेखाली वाढवलेली कर्करोगाची गाठ आहे. टीएनएफ-अल्फा (दाह घडवणारं प्रथिन) शिरेतून दिला की काही तासांत फॉस्फरस-३१ स्पेक्ट्रोस्कोपीत (चुंबकीय क्षेत्रात फॉस्फरसयुक्त रेणू मोजण्याची पद्धत) एटीपीचं, म्हणजे पेशीच्या ऊर्जारेणूचं, शिखर खाली येतं, अजैविक फॉस्फेटचं वर चढतं आणि पीएच आम्लाकडे सरकतो. त्याच पेशींवर डिशमध्ये टीएनएफ घातला, तर २४ तासांनंतरही फारसं काही होत नाही. मग हा चयापचयावरचा थेट परिणाम आहे की रक्तप्रवाह तुटल्याचा? वेगळं कसं काढायचं?

प्रतिसाद १
अर्धं उत्तर डिशनेच दिलंय. टीएनएफचा पहिला घाव रक्तवाहिनीच्या अस्तरावर बसतो. एंडोथेलियल पेशींवर टिश्यू फॅक्टर (रक्त गोठवणं सुरू करणारं प्रथिन) आणि न्यूट्रोफिलांना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धरून ठेवणारे रेणू येतात, बारीक गुठळ्या होतात, भिंत झिरपते. वाहिनीपासून १००-२०० मायक्रोमीटरपलीकडे ऑक्सिजन तसाही पोचत नाही. तिथल्या पेशी ग्लायकोलिसिसवर (ऑक्सिजनविना ग्लुकोज तोडून ऊर्जा काढणं, त्यात लॅक्टेट तयार होतं) तग धरतात. पण प्रवाहच थांबला की ग्लुकोज येत नाही, लॅक्टेट वाहून जात नाही. एटीपी आणि पीएच सोबत पडतात ते म्हणून.

खात्रीसाठी दोन गोष्टी करा. एक, ०, १, २, ४, ६ आणि २४ तासांना प्रवाह मोजा. त्यासाठी उंदीर मारण्याच्या साधारण मिनिटभर आधी शेपटीच्या शिरेतून होक्स्ट ३३३४२ (रक्त पोचणाऱ्या वाहिन्यांभोवतीच्या पेशी रंगवणारा चमकता रंग) द्या. प्रवाह एटीपीच्या आधी पडायला हवा. दोन, टीएनएफ न देता गाठीचा देठ चिमट्याने दाबा आणि एटीपी-पीएचचा आलेख काढा. दोन्ही आलेख जुळले, तर थेट परिणामाची वेगळी गरज उरत नाही.

पिमोनिडाझोल (ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींत अडकणारं खूणद्रव्य; किलोमागे ६० मिलिग्रॅम, तासभर आधी) वापरत असाल तर सांभाळा. वाहिनी बंद असेल तर तेही पोचत नाही, आणि मेलेल्या पेशी ते धरत नाहीत. छेदात कोरा दिसलेला भाग ऑक्सिजनयुक्त समजू नका. ही चूक फार होते.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण आधी कुपी तपासा. टीएनएफ जिवाणूंत बनवलेला असेल तर एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) राहू शकतं, आणि ते उंदराचा स्वतःचा टीएनएफ उसळवतं. उकळलेल्या टीएनएफचा गट ठेवा: प्रथिन मरतं, एंडोटॉक्सिन टिकतं. त्या गटातही प्रवाह पडला, तर दोष कुपीचा.

प्रश्नकर्ता
टीएनएफ मानवी आहे. मग प्रयोग बाद का?

प्रतिसाद २
बाद नाही. मानवी टीएनएफ उंदराच्या टीएनएफ-रिसेप्टर १ ला (पेशीवरचा, टीएनएफ पकडणारा रेणू) धरतो, २ ला नाही. वाहिन्यांवरचा परिणाम मुख्यतः १ मधूनच होतो. मात्र उंदराच्या टीएनएफच्या मात्रेशी थेट तुलना करू नका.

प्रतिसाद ३
रक्तदाबाचा मुद्दा राहिला. टीएनएफने सगळ्या शरीराचा दाब उतरतो आणि गाठीच्या वाहिन्यांना तो सावरता येत नाही. शेजारच्या स्नायूचा प्रवाहही मोजा; दोन्हीकडे सारखाच पडला तर ते गाठीपुरतं नाही. भुलेत उंदीर लगेच गार पडतो, तेव्हा तापमान ३७ अंशांवर धरा. स्पेक्ट्रममध्ये फॉस्फोक्रिएटिनचं (स्नायूत भरपूर असणारा ऊर्जासाठा) शिखर ठळक असेल तर कॉइल (संकेत टिपणारं वेटोळं) स्नायू वाचत असेल, जागा बदला. याच दाबाच्या धोक्यामुळे माणसात टीएनएफ हातापायाचं रक्ताभिसरण वेगळं करून, मेल्फॅलन या कर्करोगावरच्या औषधासोबत देतात. युरोपात त्याला १९९९ पासून मान्यता आहे.