डीडीजीएस उकळून निघतो, तरी विष राहतंच

एका दादांनी विचारलंय की मक्याचा डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा जो जनावरांना घालतात, तो कारखान्यात शिजून, आंबून येतो, मग बुरशीचं विष मरत नाही का? नाही मरत. बुरशी मरते, पण तिने आधीच करून ठेवलेलं अफ्लाटॉक्सिन त्या उष्णतेला दाद देत नाही. उलट, मक्यातला साधारण दोन तृतीयांश भाग स्टार्च. त्याचं अल्कोहोल होऊन जातं. विष मात्र अल्कोहोलबरोबर जात नाही, उरलेल्या चोथ्यातच बसतं. म्हणजे मूळ मक्यात जेवढं होतं, त्याच्या जवळजवळ तिप्पट.

इंदूरला आमच्या दोन म्हशी आहेत. मागच्या श्रावणात स्वस्त मिळालं म्हणून एक पोतं आणलं. वरचा माल सोनेरी, खमंग वासाचा. हात कोपरापर्यंत घातला तर आत गरम लागलं, आणि मुठीत आलेला गठ्ठा फोडला तर मधोमध हिरवट भुकटी. आईने पोतं तिथल्या तिथे बांधायला लावलं. पैसे गेले, पण बरंच झालं.

उन्हात वाळवून वापरू नका हो. त्याने नवी बुरशी थांबेल, जुनं विष नाही. जनावराने खाल्लं की एका दिवसात ते अफ्लाटॉक्सिन एम१ (त्याच विषाचं दुधात येणारं रूप) होऊन दुधात उतरतं, दूध तापवूनही जात नाही. दुधात मर्यादा किलोला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम आहे, आणि तेच दूध आपली पोरं पितात. ते खाद्य बंद केलं तर तीन-चार दिवसांत दूध बहुतेक निवळतं. तेवढे दिवस साधी चुरी आणि चारा द्या, ढेपसुद्धा फोडून, आतून बघूनच.