शब्दचर्चा : विद्यापीठाचे ‘स्वउत्पन्न’

विचारणा : एका विद्यापीठाच्या अहवालाचे मराठीकरण करतो आहे. ‘रेव्हेन्यू जनरेशन’ला ‘महसूल निर्मिती’ लिहावे की ‘स्वउत्पन्न’? आणि ‘एंडोमेंट’ला ‘देणगी’ चालेल ना?

प्रतिसाद 1 : ‘महसूल’ नको हो, लगेच तलाठी आणि सातबारा डोळ्यांपुढे येतो! ‘स्वउत्पन्न’ चालेल. त्यात परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, ठेवींवरचे व्याज, अतिथिगृहाचे भाडे, सगळे मावते. मला खटकते ती ‘निर्मिती’. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासोबत पोरांकडून घेतलेले पैसे विद्यापीठाने निर्माण केले म्हणायचे? ते वसूल केले. ‘निर्मिती’ म्हणायचेच असेल तर पेटंटचे स्वामित्वशुल्क किंवा कारखान्यांना दिलेल्या सल्ल्याचा मोबदला यांना म्हणा.

प्रतिसाद 2 : अगदी. त्याच पठडीतला दुसरा शब्द ‘स्वयंअर्थसहाय्यित’. वाचून वाटते, अभ्यासक्रम स्वतःच कमावून स्वतःला पोसतो. पोसतात पालक. जुना ‘विनाअनुदानित’ बरा होता, सरकार पैसे देत नाही एवढे तरी कबूल करायचा.

प्रतिसाद 3 : ‘एंडोमेंट’विषयी. ‘देणगी’ फार सैल आहे. देणगी खर्चून मोकळे होता येते. इथे मुद्दलाला हात लावायचा नसतो, फक्त व्याज वापरायचे. आपल्याकडच्या जुन्या संस्था याला ‘कायम निधी’ म्हणत आल्या आहेत, तोच घ्यावा. फरक एकाच दात्याच्या दोन दानांत दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या पैशांतून ग्रंथालय आणि 1878 साली पुरा झालेला राजाबाई टॉवर उभा राहिला. ही देणगी. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या रकमेतून मात्र त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. हा कायम निधी.

(थोडे अवांतर : चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. त्यातल्या मराठी भागात बाजारातल्या मालावरचे राजाचे येणेही मठाकडे वळवलेले दिसते. एकरकमी दानापेक्षा चालू उत्पन्न बरे, हे तेव्हाही कळत होते.)

विचारणा करणारा : आभारी आहे. ‘स्वउत्पन्न’ आणि ‘कायम निधी’ पक्के. दीक्षान्त सभागृह लग्नाला देतात, त्याला अहवालात ‘मालमत्तेचे मुद्रीकरण’ म्हटले आहे. काय करू?

प्रतिसाद 1 : ‘भाडे’ लिहा.