गाडी साठच्या पुढे जातच नाही! (तुमचे अनुभव लिहा)

चकवा
परवा लेक कॉलेजातून आला, गाडीची किल्ली टेबलावर आपटली आणि म्हणाला, "बाबा, ही साठच्या पुढे सरकतच नाही. विकून टाका." मला हसू आलं, तर आणखी चिडला. हसू त्याच्यावर नव्हतं, मला १९९९ ची माझी हीरो होंडा आठवली.

नोकरी पुण्यात, घर साताऱ्यात. दर शनिवारी दुपारी निघायचं. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच फेरीला शिरवळच्या अलीकडे गाडी ७० वरून ५५, मग ४०. एक्सलेटर पिळतोय आणि ती नुसती घुटमळतेय. पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवून बघितली, अर्धी टाकी डचमळत होती. झाकण लावलं, किक मारली, गाडी झकास. खंबाटकी न कुरकुरता चढली. भुईंजला पुन्हा तेच.

असे सहा शनिवार. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला, एका गॅरेजवाल्याने तर बोरचं, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचं, काम काढलं होतं. शेवटी पंपावर पेट्रोल भरणाऱ्या मामांनी झाकण उघडताना कान टवकारले. "फुस्स झालं, ऐकलं का? तुमची टाकी श्वास घेत नाही." झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल उतरेल तशी वरून हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकीत ओढ बसते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. मी झाकण उघडायचो तेव्हा हवा आत जायची आणि पुढचे २५-३० किलोमीटर सुखात. भोकात काय होतं? दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू, त्यावर मीच घासलेलं मेणाचं पॉलिश. मामांनी टाचणीने उकरून काढलं. पैसे घेईनात, मग पुढच्या फेरीला कंदी पेढे नेऊन दिले.

तर लिहा, कोणाची गाडी कशापायी अडली? आणि पोराच्या गाडीचं काय करू तेही सांगा. १२५ सीसी, २०१८ ची, कार्बोरेटरवाली.

टॅपेट
आधी एक सांगा. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, की आवाजच वाढत नाही? आवाज वाढत असेल तर क्लच घसरतोय. आवाजच वाढत नसेल तर हवा, पेट्रोल, ठिणगी. नाहीतर गाडीला मागून काहीतरी धरून ठेवतंय.
प्लग काढून रंग बघा. भाजलेल्या बिस्किटासारखा असला तर सोडून द्या. काजळी असेल तर एअर फिल्टर आणि चोक बघा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पोचतंय. आणि मेहेरबानी करून लगेच बोर उघडायला देऊ नका. आयटीआयला वीस वर्षं शिकवतोय, पहिल्या दिवशी प्रत्येक पोराला बोरच उघडायचा असतो.

करवीरी
आरएक्स १००. बस, नाव घेतलं की काम झालं.
टू स्ट्रोक असल्यामुळं पेट्रोलबरोबर ऑइलपण जळणार, त्याचा कार्बन सायलेन्सरात बसणार. वर्षादीड वर्षात गाडी तुंबायची. धूर बाहेर पडायला वाट नाही म्हटल्यावर नवीन हवा आत कशी घेणार? आतली नळी काढायची आणि जाळायची, हा उपाय गल्लीतल्या शेंबड्या पोरालापण म्हाईत. मी पहाटे ती आज्जीच्या पाण्याच्या बंबात खुपसली. नळी झाली लख्ख. पण घरभर असला वास सुटला की आजोबा न अंघोळ करताच अंबाबाईला गेले. आज्जीनं तो बंब चिंच लावून तीन वेळा घासला, मगच मला जेवायला वाढलं.
गाडी मात्र सुटली ती सुटलीच!!

प्राची_ठाणे
@करवीरी 😂😂 आजीला दंडवत

फुलवात
मोटारसायकल नाही, स्कूटी आहे, चालेल ना? दोन महिने गावी होतो. परत आल्यावर ३५ च्या वर जाईना. मला वाटलं माझंच वजन वाढलं (वाढलंही होतं). मेकॅनिकने एअर फिल्टरचा डबा उघडला तर शेंगदाण्याची टरफलं, माझ्या जुन्या ओढणीच्या चिंध्या आणि उंदराची तीन पिल्लं! फिल्टरचा फोम निम्मा कुरतडलेला. पिल्लांचं पुढे काय केलं ते विचारू नका, लेकीने तीन दिवस अबोला धरला होता.
कुकर झाला, येते

नागपुरी संत्रं
मी काय म्हणतो बावा, साठच्या पुढं जायचंच काहून आहे पोराला? आमच्याकडं मे महिन्यात चाळीसच्या वर गेलं की तोंड भाजते.

उंडगा
१९९६, सांगली. वडिलांनी जुनी आरएक्स घेऊन दिली. मित्राचीही तीच, ती ९० च्या पुढे आरामात. माझी ६५ ला बसायची. सायलेन्सर जाळला, रिंगा बदलल्या, काही फरक नाही. आमच्या मेस्त्रीला विचारलं की म्हणायचा, "जुनी गाडी आहे, एवढंच पळणार." तीन वर्षं तशीच चालवली.
नोकरीला औरंगाबादला गेलो. तिथल्या मेस्त्रीने कार्बोरेटरचं वरचं झाकण काढलं आणि मला हाक मारली. स्प्रिंगच्या आत, केबलवर ओवलेला, पेनाच्या नळीचा तुकडा. बोटाच्या पेराएवढा. त्यामुळे एक्सलेटर कितीही पिळला तरी इंजिनाची हवेची वाट उघडणारी स्लाइड अर्धीच वर उठणार. "किसीने जानबूझ के डाला है," म्हणाला.
रात्री एसटीडीवरून घरी फोन केला. वडील म्हणाले, "काढलास?" म्हटलं हो. "बरं. हेल्मेट घे." आणि फोन आईकडे दिला.

चकवा
@उंडगा तुकडा ठेवलाय का?

उंडगा
किल्लीच्या जुडग्यात आहे.

प्राची_ठाणे
हे वाचून मी ऑफिसच्या बसमध्ये नाक पुसतेय आणि शेजारची बाई विचारतेय काय झालं. काय सांगू, कार्बोरेटर झाला?

वरातीतला बाप्या
मित्राच्या लग्नात माझी गाडी वरातीच्या पुढे. अडीच तास पहिल्या गियरमध्ये, अर्धा क्लच दाबून, बँडच्या तालावर. तेव्हाच काहीतरी करपल्याचा वास येत होता, मला वाटलं आचाऱ्याची भाजी लागली. दुसऱ्या दिवशी हायवेला इंजिन बोंबलतंय आणि काटा ५० वर. क्लच प्लेटा जळून काळ्या ठिक्कर. नवरदेवाने अजून पैसे दिलेले नाहीत. मूल दुसरीत गेलं त्याचं.

टॅपेट
@वरातीतला बाप्या क्लचच्या दांडीला थोडी ढिलाई ठेवली होती का? अगदी ताणून बसवलेली असेल तर वरातीशिवायही जळतात. टोकाला एखादं बोट मावेल एवढी सैल हवी.

वरातीतला बाप्या
सर, तेव्हा दांडीपेक्षा मीच जास्त सैल होतो

आडवाटेचा अण्णा
२०११ ला लेहला गेलो होतो, सहाजण, सगळ्या कार्बोरेटरवाल्या गाड्या. खारदुंगलाला पहिल्या-दुसऱ्या गियरच्या वर जाईचना. एकाने रस्त्यातच कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट काढायला घेतला, बोटं गारठलेली, तो बारीक पितळी जेट गेला दगडांत. पाऊण तास सहाजण रांगत होतो. गाडीला काही झालंच नव्हतं. तिथली उंची ५३०० मीटरच्या वर, हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण निम्मा. हवा कमी आणि पेट्रोल मात्र पुण्यातल्या हिशोबाने, मग काळा धूर सोडत गाडी धापा टाकणार नाही तर काय? आम्हीही टाकतच होतो. खाली उतरल्यावर आपोआप नीट.

फुलवात
@आडवाटेचा अण्णा मग जेट सापडला का??

आडवाटेचा अण्णा
सापडला. माझ्याच गमबुटाच्या खाचेत.

मालवणी खाजा
माझा वेगळाच. काटा ६० वरच अडकायचा. मी बापडा तीन गॅरेजं फिरलो. एक दिवस मेव्हणा मागून त्याच्या गाडीवर येत होता, सावंतवाडीला गाठून शिव्याच घातल्या, म्हणे ८० ने कशाला हाकतोस? गाडी पळत होती, स्पीडोमीटरच आजारी. पुढच्या चाकातला केबल फिरवणारा दात झिजला होता. सामान घेऊन सगळं दोनशे रुपयांच्या आत.

प्राची_ठाणे
मालवणी खाजा हे नाव वाचून भूक लागली. गुळाचा की साखरेचा?

मालवणी खाजा
गुळाचाच. आलं घातलेला. साखरेच्याला आम्ही खाजा म्हणत नाही.

करवीरी
आता खाण्यावर आलाच आहे तर कंदी पेढ्यापेक्षा

चकवा
@करवीरी वाक्य पूर्ण करू नका, साताऱ्याची माणसं आहेत इथे.

अपडेट देतो. टॅपेट सरांचं ऐकलं. आवाज वाढतच नव्हता, प्लगचा रंग बिस्किटी, फिल्टर ठीक. मग "मागून धरून ठेवतंय" हे वाक्य आठवलं. गाडी डबल स्टँडला लावली, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेरा आणि थांबलं. दोन किलोमीटर चालवून आणली आणि मागच्या ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले, चर्रकन उडाले. ब्रेक चिकटून बसला होता. मागच्या महिन्यात "ब्रेक लागत नाही" म्हणून पोराने एका गॅरेजात दाखवला, तिथे रॉडचा नट आवळून दिलेला. त्यात या साहेबांना ब्रेकच्या पायडलवर पाय ठेवून बसायची सवय. बुटाच्या तळव्याला पायडलचा शिक्का उमटलाय!
नट चार फेरे सैल केला, पायडलला बोटभर ढिलाई ठेवली, ब्रेक नीट लागतो हे गल्लीत चारदा बघितलं. आता म्हणे ८५ ला जाते. कुठे नेलीस ८५ ला, विचारलं तर गप्प.

टॅपेट
शाब्बास. ड्रम उघडून लायनर पण बघून घ्या, तापून कडक झाले असतील. तसे असतील तर बदला, ब्रेकशी खेळ नको.

उंडगा
नळीचा तुकडा कुरियर करू का?

चकवा
पत्ता व्यनि करतो.

नागपुरी संत्रं
त्या मेव्हण्याच्या गाडीचा काटा बरोबर होता हे कोणी तपासलं का बे?