सरकारी विभागात आर्किटेक्चर कक्ष उभा राहतोय: टोगॅफ पुरेल का?

नवा_कक्ष

नमस्कार. मी एका सरकारी विभागाच्या आयटी शाखेत आहे. इतकी वर्षं अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट केलं, आता विभागात एंटरप्राइज आर्किटेक्चरचा (म्हणजे विभागाचं काम, माहिती आणि सिस्टिम एकमेकांत कशा बसवायच्या याचा आराखडा करणारा) कक्ष होतोय आणि त्यात आम्हा चौघांची नावं आली आहेत. प्रशिक्षणाचा प्रस्ताव मलाच करून द्यायचा आहे. साहेब म्हणतात, सगळ्यांना टोगॅफ करायला लावा, म्हणजे असे आराखडे करायच्या त्या पद्धतीची परीक्षा द्यायला लावा. एक सहकारी झॅकमन या दुसऱ्या चौकटीवर अडून बसलाय. मला प्रामाणिकपणे वाटतं की परीक्षा पास होऊनही आम्हाला आमचं काम जमेल का, हे कोणी सांगत नाहीये.

दुसरी गोष्ट, सल्लागार नेमायची निविदाही निघणार आहे. तिच्यात ‘प्रमाणित आर्किटेक्ट’ अशी अट घालायची म्हणतात. ती कशी लिहावी?

सचिन_प

परीक्षेपुरतं सांगतो. टोगॅफची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये आली, आता तीच धरा, जुनी ९.२ ची पुस्तकं विकत घेऊ नका. पहिला टप्पा फाउंडेशन, त्याला ४० प्रश्न, ६० मिनिटं, ६० टक्के लागतात. पुढचा टप्पा प्रॅक्टिशनर, त्याला ८ प्रसंग, ९० मिनिटं, आणि मूळ दस्तऐवज पाहता येतो. त्यात एका प्रश्नाला ५, ३, १ किंवा ० गुण. म्हणजे ‘बऱ्यापैकी बरोबर’ उत्तरालाही काहीतरी मिळतं. फाउंडेशन स्वतः वाचून होतं. क्लासचे पैसे प्रॅक्टिशनरसाठी राखून ठेवा.

झॅकमन म्हणजे १९८७ साली मांडलेला आणि १९९२ मध्ये सहा प्रश्नांपर्यंत वाढवलेला तक्ता. काय, कसं, कुठे, कोण, कधी, का. काही सुटलं नाही ना हे तपासायला उत्तम, पण सोमवारी सकाळी कामाला कुठून हात घालायचा, ते त्यात मिळत नाही.

वर्षा_के

चौघांनाही फाउंडेशन कराच. सगळे एकाच भाषेत बोलायला लागले की बैठकीतले कितीतरी वाद आपोआप मिटतात. मी स्वतः सरकारी आर्किटेक्चरचंच काम करते, आणि नव्याने आलेल्यांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांनी पाहते.

पण प्रस्ताव तिथे थांबवू नका. या अभ्यासक्रमांत साधारण असं गृहीत असतं की संस्था एक आहे आणि वर निर्णय घेणारं कोणीतरी आहे. सरकारात प्रत्येक नोंदवहीमागे वेगळा कायदा असतो, वेगळा अधिकारी असतो, आणि शेजारच्या विभागाला आपण आदेश देऊ शकत नाही. युरोपियन इंटरऑपरेबिलिटी फ्रेमवर्क म्हणजे सरकारी सेवा एकमेकींशी कशा जोडाव्यात याची युरोपीय संघाची चौकट. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत चार थर दिलेत: कायदा, संघटना, माहितीचा अर्थ, तंत्र. तंत्र सगळ्यात खाली. आपली प्रशिक्षणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

एक उदाहरण नीट बघा. जन्मतारीख. जन्मनोंदणीत ती दिवसासकट असते. एखाद्या जुन्या लाभार्थी यादीत फक्त वय विचारलेलं असतं, मग संगणकीकरणाच्या वेळी रकाना रिकामा राहू नये म्हणून सगळ्यांना १ जानेवारी टाकलेली असते. तिसरीकडे तारीख मजकूर म्हणून भरलेली, कुठे दिवस आधी, कुठे महिना आधी. तुम्ही तिन्ही सिस्टिम जोडता, एपीआय, म्हणजे त्यांना जोडणारा दुवा, व्यवस्थित चालतो, चाचणी पास होते. आणि पुढे वयाच्या अटीवर एखाद्या म्हातारीचं निवृत्तिवेतन अडकतं. आता कुठली नोंद खरी धरायची? चूक दुरुस्त करायचा अधिकार कोणाचा? त्या बाईने अर्ज कुठे करायचा? दुरुस्ती झाली की बाकी दोन ठिकाणी ती कोण पोचवणार? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सर्व्हरमध्ये नाही. ते अधिनियमात आणि नियमांत शोधावं लागतं, आणि तिथे नसेल तर ‘इथे अधिसूचना लागेल’ असं टिपणीत स्वच्छ लिहावं लागतं. हे जो लिहू शकतो, त्याला मी सरकारी आर्किटेक्ट म्हणते.

एस्टोनियाचं एक्स-रोड, म्हणजे सरकारी डेटाबेस एकमेकांना जोडणारी व्यवस्था, २००१ पासून चालू आहे, त्याच्या तंत्राबद्दल सगळे बोलतात. मला त्यांच्या सार्वजनिक माहिती कायद्यातलं कलम जास्त मोलाचं वाटतं: एकच माहिती गोळा करायला वेगवेगळे डेटाबेस उभारायला मनाई. तिथल्या आर्किटेक्टला ‘हा डेटाबेस नको’ म्हणताना कायद्याचा आधार असतो. तुम्हाला तुमचा आधार कुठे आहे ते शोधायला शिकायचंय. म्हणून प्रस्तावात दोन दिवस विधी शाखेबरोबर आणि दोन दिवस वित्त व खरेदी शाखेबरोबर मागून घ्या. अमेरिकेत १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने आयटी आर्किटेक्चरची जबाबदारी सीआयओवर, म्हणजे खात्याच्या आयटी प्रमुखावर टाकली, १९९९ मध्ये फेडरल फ्रेमवर्कही आलं. तरीही पुढे आराखडे नुसते कागदावर राहतात अशी टीका झालीच. खर्चाची मंजुरी ज्या टेबलावर होते तिथे आराखडा पोचला नाही, तर तो कोणी उघडत नाही.

आणि प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षेबरोबर एक खरं काम ठेवा: तुमच्याच विभागाची एक सेवा, अर्जापासून निकालापर्यंत, आर्किमेट या आराखडे काढायच्या चिन्हभाषेत मांडायची. त्यासाठी आर्ची हे टूल फुकट आहे. त्या सेवेतल्या प्रत्येक माहितीसमोर मालक अधिकाऱ्याचं पदनाम हवं, नाव नको, कारण बदल्या होतात.

नवा_कक्ष

वर्षाताई, जन्मतारखेचं वाचून पोटात गोळा आला, आमच्याकडे हुबेहूब अशीच यादी आहे. पहिली सेवा तीच घेते. निविदेचंही सांगाल का?

वर्षा_के

घ्याच ती.

निविदेत नुसतं ‘टोगॅफ प्रमाणित’ लिहिलंत तर सर्टिफिकेट एकाचं जोडतात आणि कामाला दुसराच येतो. व्यक्तीचं नाव मागा, बदलायची असेल तर विभागाची लेखी संमती लागेल अशी अट घाला, आणि निवडीआधी तासभर मुलाखत ठेवा. मुलाखतीत त्यांनी पूर्वी घेतलेला एखादा निर्णय समजावून सांगायला लावा: कुठले पर्याय होते, कुठला नाकारला, का. मुख्य आर्किटेक्टकडे ओपन सीए हे आर्किटेक्टचं प्रमाणपत्र असेल तर गुण द्या. त्यात लेखी परीक्षा नसते, केलेल्या कामाचा लेखाजोखा द्यावा लागतो आणि अनुभवी आर्किटेक्ट मुलाखत घेतात. मात्र ती सक्तीची अट करू नका, चांगली माणसं बाहेर राहतील.

शेवटचं कलम विसरू नका: सगळी मॉडेल्स आर्किमेटच्या एक्स्चेंज फाइल फॉरमॅटमध्ये विभागाच्या ताब्यात द्यायची, दर टप्प्याच्या देयकाआधी. पीडीएफमधली चित्रं घेऊन बसलात तर पुढच्या बदलाला पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागेल.