मदत हवी आहे: रोरिक यांच्या निर्मनुष्य शिखरांचा अर्थ कसा लावायचा?

रशियन चित्रकार निकोलाय रोरिक १९२८ पासून कुल्लूजवळच्या नग्गरला राहिले. त्यांची हिमालयाची चित्रं सध्या बघतोय. साधू, घोडेस्वार किंवा बुद्धमूर्ती असेल तिथे फारसं अडत नाही. अडतं ते नुसत्या डोंगरांपाशी: खाली निळ्या-जांभळ्या कड्यांचे सपाट पट्टे, वर एकच उजळलेलं शिखर, आणि टेम्पेरा या पाण्यात कालवायच्या माध्यमाचा तो कोरडा, बिनचकाकीचा रंग.

तुलनेसाठी जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिष यांचं १८०८ चं ‘डोंगरातला क्रूस’ घेतलं. तिथे काम सोपं आहे, कारण टीका झाल्यावर त्यांनी स्वतःच उलगडून सांगितलं: खडक म्हणजे श्रद्धा, सदाहरित झाडं म्हणजे आशा. (असं सगळेच सांगते तर!) रोरिक यांच्या बिनआकृतीच्या चित्रांसाठी इतका नेमका खुलासा मला सापडलेला नाही.

मूळ चित्रं पाहिलेली नाहीत, फक्त छापील प्रती. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. रशियन येत नाही. ‘पर्वत म्हणजे मोक्ष’ छापाची उत्तरं कृपया नकोत, ती कुठल्याही डोंगराला लागू पडतात.

तर अशा चित्रातला जांभळा रंग हे उंचावरच्या संध्याकाळच्या उजेडाचं निरीक्षण की जाणूनबुजून योजलेलं प्रतीक, हे चित्रातल्या कोणत्या खुणांवरून ठरवता?